स्पीकर कुणाचे?

मार्च उजाडला की आमच्या वस्तीत जयंतीची पहिली मीटिंग बसते आणि दहा मिनिटांत दोन तट पडतात. एक तट पांढऱ्या केसांचा. त्यांचं म्हणणं, डीजे बंद करा, बाबासाहेबांच्या जयंतीला हा धिंगाणा शोभत नाही, त्या पैशात पुस्तकं घ्या. दुसरा तट विशी-पंचविशीतल्या पोरांचा. त्यांचं म्हणणं, बाकीच्यांच्या मिरवणुकीत डीजे वाजतो तेव्हा कुणाचे कान दुखत नाहीत, आपली पाळी आली की सगळ्यांना ध्वनिप्रदूषण आठवतं. दोघंही बरोबर बोलतात, म्हणूनच वाद दरवर्षी होता तिथेच राहतो.

यंदाच्या मीटिंगमध्ये मी बराच वेळ गप्प बसले, कारण डोक्यात भलतंच चालू होतं. आमच्या अभ्यासिकेत येणारा एक मुलगा स्क्रिलेक्सचा भक्त आहे. एकदा त्याने माझ्या कानात इअरफोन कोंबले. करवतीने पत्रा कापावा तसा तो आवाज. मी तोंड वाकडं केलं तर म्हणाला, "ताई, याला डबस्टेप म्हणतात. गोऱ्यांचं पार्टी म्युझिक आहे, तुम्हाला नाही कळायचं." नाही कळायचं म्हटल्यावर मी हट्टाला पेटले. रात्री काम आटोपलं की ऐकायचं, वाचायचं, कोण डीजे कुठून आला, कुठे वाजवायचा, पुढे त्याचं काय झालं ते शोधायचं, असं काही महिने चाललं. आणि लक्षात आलं की त्या पोराला अर्धीच गोष्ट माहीत आहे. उरलेली अर्धी आपल्या जयंतीच्या वादाला थेट लागू पडते. ती सांगते.

सुरुवात जमैकात आहे. 1950 च्या दशकातलं किंग्स्टन शहर. पैसेवाल्यांसाठी हॉटेलांत वाद्यवृंद होते, तिथे दारातून आत जाण्याची गरिबाची ऐपत नव्हती. मग वस्तीतल्याच लोकांनी ट्रान्सफॉर्मर, व्हॉल्व्ह, लाकडाच्या फळ्या जमवून कपाटाएवढे स्पीकर बांधले आणि मोकळ्या मैदानात रेकॉर्डी वाजवायला लागले. याचं नाव साउंड सिस्टीम. तिकीट थोडं, कमाई बिअर विकून. (इथे आपलं पाचवं शील आडवं येतं हे मला कळतं. पुढे बोलू.) ड्यूक रीडचं दारूचं दुकान होतं, त्याआधी तो पोलिसात होता. कॉक्सन डॉड हा दुसरा मोठा सिस्टीमवाला. दोघांनी आधी स्पीकर उभे केले, मग वाजवायला गाणी कमी पडू लागली म्हणून स्वतःचे स्टुडिओ काढले, स्वतःच्या कंपन्या काढल्या. आणि किंग टबी. हा माणूस रेडिओ दुरुस्त करायचा. त्याने तयार गाण्यातून गायकाचा आवाज काढून टाकला, मागे ढोल आणि बेस तेवढा ठेवला, त्यावर प्रतिध्वनीचे खेळ केले. त्यातून डब नावाचा प्रकार जन्माला आला. डबस्टेपमधला डब तो हा. ज्याला आपण गल्लीतला रेडिओ मेकॅनिक म्हणून ओळखतो, तशा एका माणसाने जगाचं संगीत बदललं.

बेसच का? त्याच लोकांच्या पूर्वजांना मळेवाल्यांनी ढोल वाजवायला बंदी केली होती. ढोलावरून निरोप जातो आणि निरोपावरून बंड पेटतं, एवढं मालकाला कळत होतं. ज्यांचा ढोल हिसकावला त्यांच्या नातवंडांनी छातीत घुमणारा ढोल विजेवर बांधला, असं मला वाटतं. हा माझा अर्थ आहे, कुणाला पटेल, कुणाला नाही.

आता लंडन. 22 जून 1948 ला एम्पायर विंडरश नावाचं जहाज कॅरिबियन माणसं घेऊन इंग्लंडला लागलं. युद्धात मोडलेला देश उभा करायला मजूर हवे होते. बस चालवायला, इस्पितळात राबायला ही माणसं चालत होती, पण भाड्याने खोली मागायला गेली की दार बंद. घर नाकारणं काय असतं हे आपल्याला समजावून सांगायची गरज नाही. पुण्या-मुंबईत आडनाव ऐकून "खोली कालच गेली" म्हणणारे घरमालक आपण सगळ्यांनी पाहिलेत. नाचगाण्याच्या क्लबांचंही तेच. म्हणून कॅरिबियन माणसं शनिवारी रात्री कुणाच्या तरी घरात, तळघरात सिस्टीम लावून जमायची. पोलीस अशा जागांवर धाडी घालायचे, सामान जप्त करायचे. 18 जानेवारी 1981 च्या पहाटे न्यू क्रॉस भागात अशाच एका घरात वाढदिवसाची पार्टी चालू असताना आग लागली आणि 13 काळी मुलं-मुली गेली. सरकार गप्प, वर्तमानपत्रं थंड. 2 मार्चला हजारो लोक कामाच्या दिवशी काम टाकून लंडनच्या रस्त्यावर उतरले.

इथे आपल्या इतिहासाचा एक धागा जुळतो. 1946 मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले काळे विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं, हे आपण जाणतो. 1972 मध्ये मुंबईत ढसाळ, ढाले, ज. वि. पवार यांच्या पिढीने दलित पँथर उभी केली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. त्याच काळात लंडनमध्येही ब्लॅक पँथर होती आणि तिच्यात लिंटन क्वेसी जॉन्सन नावाचा एक पोरगेला कवी होता. पुढे त्याने आपल्या कविता डबच्या तालावर म्हटल्या. 1980 च्या त्याच्या अल्बमचं नावच 'बास कल्चर', आणि संगीताची बाजू सांभाळली ती डेनिस बोव्हेलने, जो स्वतः साउंड सिस्टीम चालवायचा. आपले पँथरही कवी, त्यांचाही पँथर कवी. फरक एवढाच की त्यांच्या कवीला स्पीकरवाला साथीदार मिळाला. आपल्या कवितेला पुस्तक मिळालं, अनुवाद मिळाले, विद्यापीठं मिळाली. स्पीकर मिळाला नाही. शाहीर आणि गायन पार्ट्या होत्या, त्यांनी बाबासाहेब गावोगाव पोचवले, पण माईक आणि कर्णा तेव्हाही मंडपवाल्याचा भाड्याचाच होता.

डबस्टेप या सगळ्याच्या पोटी आलं. साल साधारण 2000 च्या पुढचं, जागा दक्षिण लंडनमधलं क्रॉयडन. तिथल्या बाजारात बिग ॲपल नावाचं रेकॉर्डचं दुकान होतं. काउंटरला हॅचा नावाचा डीजे. स्क्रीम हा पोरगा तिथेच कामाला, बेंगा तिथेच पडीक, दोघंही शाळकरी वयाचे. ही मुलं घरी साध्या कॉम्प्युटरवर ट्रॅक बनवायची, हॅचा ते वाजवायचा. नॉर्वुडकडून माला, कोकी आणि लोफा आले. वेग मिनिटाला 140 ठोक्यांच्या आसपास, पण अर्ध्या ठोक्यांवर पाय पडतो म्हणून संथ वाटतो. मध्ये मोकळी जागा भरपूर, आणि तळाला असा बेस की तो कानाआधी बरगड्यांना कळतो.

यांना मोठ्या रेडिओवर कोण घेणार? मग चोरटा रेडिओ. रिन्स एफएम 1994 मध्ये सुरू झाला तो बिनपरवान्याचा. म्हाडाच्या असतात तशा गरिबांच्या उंच इमारतींच्या गच्चीवर अँटेना लावायचा, पोलिसांनी उपटला की दुसऱ्या गच्चीवर. त्याच्या संस्थापकांपैकी स्लिमझी याच्यावर 2005 मध्ये असा आदेश निघाला की चार मजल्यांपेक्षा उंच इमारतीच्या गच्चीवर त्याने पाय ठेवायचा नाही. हे वाचून मी एकटीच हसले. माणसाला तडीपार करतात हे आपल्याला ठाऊक आहे, गच्चीपार केलेला माणूस पहिल्यांदा पाहिला. या रेडिओला अखेर 2010 मध्ये अधिकृत परवाना मिळाला. सोळा वर्षं गुन्हा होता ती संस्कृती झाली.

त्यांचे कार्यक्रम कसे असायचे ते नीट सांगायला हवं, कारण आपल्या पोरांच्या डोक्यात डीजे म्हणजे वर उंच स्टेज, लेझर, धूर आणि हात वर करणारा एक हिरो. एफडब्ल्यूडी नावाची रात्र शोरडिचमधल्या प्लास्टिक पीपल या तळघरात व्हायची. जेमतेम दोनेकशे माणसांची जागा, जवळजवळ काळोख, आणि उत्तम सिस्टीम. ही रात्र उभी करणाऱ्यांत सारा लॉकहार्ट ही बाई होती, हे मुद्दाम नोंदवते. आपल्या जयंतीच्या ट्रकवर बाई दिसली तर सांगा. आपण असतो कडेला, पोर कडेवर घेऊन, पदर कानाला लावून.

2005 मध्ये माला, कोकी आणि लोफा यांनी ब्रिक्स्टनमध्ये डीएमझेड ही स्वतःची रात्र सुरू केली. जागा होती सेंट मॅथ्यूज चर्चच्या इमारतीतला एक क्लब. ब्रिक्स्टन म्हणजे तेच, जिथे एप्रिल 1981 मध्ये काळ्या पोरांना रस्त्यात अडवून झडती घेणाऱ्या पोलिसांविरुद्ध वस्ती पेटून उठली होती. पोस्टरवर डोळे दिपवणारं काही नाही. डीजेचा चेहरा दिसो न दिसो. लोक डोळे मिटून, मान खाली घालून उभे. एखादा ट्रॅक अंगात भिनला की गर्दी ओरडायची, आणि डीजे सुई उचलून तो पुन्हा पहिल्यापासून लावायचा. म्हणजे पुढे काय वाजणार हे वरचा एकटा ठरवत नव्हता. आणि काय वाजायचं? बरंचसं असं, जे बाजारात विकत मिळत नसे. पोरं रात्री ट्रॅक बनवत, फॉरेस्ट हिलच्या ट्रान्झिशन नावाच्या स्टुडिओत जाऊन त्याची एकुलती एक प्रत मऊ लेपाच्या तबकडीवर कापून घेत. तिला डबप्लेट म्हणतात. ती काही मोजक्या वेळा वाजली की झिजते. ही रीतही जमैकाचीच. ऐकायचं तर खोलीत येऊन उभं राहायला लागायचं.

जानेवारी 2006 मध्ये बीबीसीच्या रेडिओ वनवर मेरी ॲन हॉब्ज या निवेदिकेने या सगळ्यांना बोलावून एक कार्यक्रम केला, आणि ते जगभर ऐकलं गेलं. दोन महिन्यांनी डीएमझेडचा पहिला वाढदिवस आला तेव्हा बाहेर एवढी रांग लागली की आयत्या वेळी मोठ्या हॉलमध्ये हलावं लागलं.

थोडं थांबून एक गैरसमज काढते. "काळ्यांचं संगीत, गोऱ्यांनी चोरलं" असं एका ओळीत सांगून टाळ्या मिळतात, पण ते खरं नाही. स्क्रीम गोरा, लोफा गोरा. माला, कोकी, बेंगा काळे. त्या दुकानात, त्या खोलीत ते एकत्र होते. रंग बघून दारात कुणाला अडवलं नाही, कारण दार त्यांचं स्वतःचं होतं. मला महत्त्वाचं वाटतं ते हे. दुकान आपल्यातल्याचं, रेडिओ आपल्यातल्यांचा, रात्र आपल्यातल्यांची, तबकडी स्वतःच्या पैशाने कापलेली, लेबल स्वतःचं. चुकलं तरी आपलं, कमावलं तरी आपलं.

राज्यसंस्थेला हे कधीच आवडत नाही. 2005 मध्ये लंडन पोलिसांनी फॉर्म 696 आणला. डीजे किंवा एमसीचा कार्यक्रम करायचा तर आयोजकाने आधी तो भरायचा. त्यात कलाकारांची नावं-पत्ते तर होतेच, शिवाय संगीत कोणत्या प्रकारचं आणि श्रोत्यांत कोणत्या वंशाचे लोक येणार, असेही रकाने होते. ओरड झाल्यावर ते रकाने काढले, पण फॉर्म चालूच राहिला. तो रद्द व्हायला नोव्हेंबर 2017 उजाडला. आपल्याकडे मिरवणुकीच्या परवानगीच्या अर्जावर जातीचा रकाना नसतो. गरजच नसते, मंडळाचं नाव आणि वस्तीचा पत्ता पुरतो.

मग पैसा आला. 2010 मध्ये स्क्रीम, बेंगा आणि आर्टवर्क यांनी मिळून मॅग्नेटिक मॅन नावाने मोठ्या कंपनीकडून अल्बम काढला, गाणी विक्रीच्या यादीत वर गेली. त्याच वर्षी अमेरिकेत स्क्रिलेक्सचा तो करवतीसारखा आवाज गाजला. तो आधी रॉक बँडमध्ये गायचा, त्याने त्याच्या परीने काही नवं केलं, त्याचा राग करण्याचं कारण नाही. पण हिशेब पाहा. फेब्रुवारी 2012 मध्ये त्याला तीन ग्रॅमी मिळाले. त्या वर्षी फोर्ब्स मासिकाने सर्वाधिक कमावणाऱ्या डीजेंची यादी काढली, त्यात त्याची वर्षाची कमाई दीड कोटी डॉलर धरली होती. अमेरिकेतल्या तरुणांच्या तोंडी डबस्टेप म्हणजे स्क्रिलेक्स असं समीकरण बसलं आणि क्रॉयडनचं दुकान कुणाच्या गावीही नव्हतं. ते दुकान तर तोवर बंदच झालेलं.

कार्यक्रमाचं रूप पालटलं. तळघर गेलं, स्टेडियम आलं. आज बेस म्युझिकचे अँटवर्पच्या रॅम्पेजसारखे मेळे क्रीडागारात भरतात. अमेरिकेत एक्सिजन या डीजेचा स्वतःचा लॉस्ट लँड्स नावाचा महोत्सव 2017 पासून ओहायोत होतो. आग, पडदे, डायनासोर, आणि जाहिरातीत वॅटचे आकडे. डीजेने दर आठवड्याला दुसऱ्या शहरात विमानाने उतरायचं, तासभर वाजवायचं, निघायचं. डीएमझेडमध्ये वाजवणारा आणि ऐकणारा एकाच बसने घरी जायचे. इथे वाजवणाऱ्याला आपण कोणत्या गावात आहोत हे पाहायलाही वेळ नाही.

यात माणसं मोडतात. बेंगा विशीत स्टार झाला, 2014 मध्ये अचानक थांबला. पुढच्या वर्षी त्याने स्वतः जाहीरपणे सांगितलं की त्याला बायपोलर आणि स्किझोफ्रेनियाचं निदान झालं आहे, आणि नशा व अतोनात दौरे यांचाही त्यात हात आहे. मोठ्या पदावर पोचलेल्या माणसाने असं उघड बोलायला धैर्य लागतं, आपल्या चळवळीत आजही कुणी बोलत नाही. स्क्रीम दुसऱ्याच संगीताकडे वळला. या उलट माला. त्याने 2006 मध्येच डीप मेडी हे आपलं लेबल काढलं, त्यावर नव्या पोरांना जागा दिली, क्युबाला जाऊन तिथल्या वादकांबरोबर 2012 मध्ये अल्बम केला आणि डबप्लेटची रीत सोडली नाही. आणि बरियल. 2007 चा त्याचा 'अनट्रू' अल्बम लोकांनी डोक्यावर घेतला, मानाच्या मर्क्युरी पुरस्काराच्या यादीत त्याचं नाव आलं, तरी हा गडी स्टेजवर यायलाच तयार नाही. चेहरा विकायला नकार देणंही एक करिअर असू शकतं, हे मला त्याच्याकडे बघून कळलं.

आपल्या देशात बेस म्युझिकचं सर्वांत मोठं नाव न्यूक्लिया, म्हणजे उद्यन सागर. 2015 चा 'बास रानी' अल्बम त्याने मुंबईत गणपती विसर्जनाच्या वेळी लोकांसमोर आणला. त्याच्या संगीतात आपल्या रस्त्यावरचा बाजा आहे, तमिळ वस्त्यांतला ताल आहे, आणि आपण तो रस्त्यावरून घेतला हे तो लपवत नाही. चांगलंच आहे. पण रस्त्यावरचा ताल तिकिटाच्या आत गेला की कला होतो आणि रस्त्यावरच राहिला की उपद्रव, हा न्याय कुणाचा? तेच ठोके, तोच बेस. एका ठिकाणी मनगटावर पट्टा बांधून आत सोडतात, दुसऱ्या ठिकाणी मनगट धरून गाडीत बसवतात.

इथे पोरं टाळ्या वाजवतील. थांबा, आता तुमची पाळी.

तुम्ही म्हणता डीजे आपला आहे. त्यातलं काय आपलं आहे? ट्रक भाड्याचा, जनरेटर भाड्याचा, भिंत भाड्याची, वाजवणारा भाड्याचा. आमच्या वस्तीत गेल्या वर्षी वर्गणीतला निम्म्याहून जास्त पैसा एका रात्रीत त्या भिंतीला गेला आणि जूनमध्ये अभ्यासिकेचं वीजबिल भरायला मी दारोदार फिरले. 15 एप्रिलला ती भिंत निघून जाते. महिन्याभराने तीच भिंत दुसऱ्या कुणाच्या मिरवणुकीत, कुणाच्या तरी वस्तीसमोर, कुणाला तरी डिवचणारी गाणी वाजवत उभी असते. आपल्या वर्गणीतून तिचा हप्ता फिटतो. आणि गाणं? ज्या शाहिराने ते लिहिलं, ज्याने हयात चळवळीत घातली, त्याचं नाव ट्रकवरून एकदा तरी घेतलं का? वामनदादांची गाणी ढोलकीऐवजी बीटवर आली याचं मला दुःख नाही. गाणं जगायचं तर कपडे बदलणारच. पण नाव पुसून वाजवणं म्हणजे आपल्याच माणसाची चोरी.

आवाजाबद्दलही खरं बोलू. नियम 2000 सालचे आहेत. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल, रात्री दहा ते सहा ध्वनिक्षेपक बंद, वर्षातून फार तर 15 दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. गंमत अशी की हे डेसिबल मोजायची जी 'ए' पट्टी आहे, ती खालच्या सुरांना फार कमी लेखते. 50 हर्ट्झच्या बेसमधून ती जवळजवळ 30 डेसिबल वजा करते. म्हणजे मीटर जे सांगतो त्याच्या कितीतरी पट धडधड खाटेवरच्या आजीच्या छातीत होते. 40 हर्ट्झची लाट साडेआठ मीटर लांब असते, तिला आपल्या पत्र्याच्या भिंती काय अडवणार? कानांचं गणितही ऐका. 85 डेसिबलला आठ तास चालतं, दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणून 100 डेसिबलला पंधरा मिनिटं. भिंतीपुढे चार-चार तास नाचणारी आपली पोरं पंचविशीत कानात शिट्टी घेऊन फिरतात. डीएमझेडवालेही हळू वाजवत नव्हते, हे मान्य. पण ते बंद खोलीत होतं, जो आला तो स्वतःहून आला होता, आणि तिकडच्या शहाण्या श्रोत्यांच्या खिशात कानात घालायचे बोळे असतात.

आता पांढऱ्या केसांकडे. तुमचा वाजंत्रीवरचा राग मला समजतो. गावात हलगी वाजवणं हा आपल्या भावंडांवर, विशेषतः मातंग समाजावर, जातीने लादलेला धर्म होता. दुसऱ्याच्या लग्नात पुढे वाजवायचं आणि जेवायला पंगतीबाहेर बसायचं. ते सोडणं हा स्वाभिमान होता. पण सोडलं ते लादलेलं काम. ताल का सोडायचा? जलसे कुणी केले? आणि ज्या पोराला वर्षातले 364 दिवस कंपनीच्या गेटवर, कॉलेजात, बँकेत मान खाली घालून उभं राहावं लागतं, त्याला एक रात्र आपल्या बापाच्या नावाने हा रस्ता आपला वाटला तर त्याला धिंगाणा म्हणू नका. "पुस्तकं घ्या" हे बरोबर आहे. पण पुस्तक आणि बेस यांची सवत मांडू नका. लिंटन क्वेसी जॉन्सनच्या हातात दोन्ही होतं.

दुसऱ्या मीटिंगला मी तोंड उघडलं. म्हटलं, यंदा भाड्याची भिंत नको, आणि डीजे बंदही नको. ते पैसे घालून मंडळाची स्वतःची सिस्टीम बांधू. चार खोकी, दोन बेसची, दोन वरची. आपल्यात आयटीआयची मुलं आहेत, सुतारकाम येणारी आहेत, साउंडवाल्याकडे हमाली करणारे तिघं आहेत, त्यांना सगळं जोडता येतं. ट्रकवर नाही, विहाराशेजारच्या मैदानात एका जागी लावायची, तोंड वस्तीकडे नाही, नाल्याकडे. दहाच्या आत बंद. दारू नाही, पाचवं शील पाळूनही बेस वाजतो. वाजवायला दोन मुलगे आणि दोन मुली, आणि प्रत्येक गाण्याआधी शाहिराचं नाव माईकवर. वर्षभर लग्नं, नामकरणं, व्याख्यानं, वस्तीतल्याच लोकांना कमी भाड्यात द्यायची आणि त्यातून अभ्यासिकेचं बिल भरायचं.

गोंधळ झाला. एक पोरगा म्हणाला, चार खोक्यांनी काय होतं ताई, शेजारच्या मंडळाची चोवीस आहेत, लोक हसतील. स्क्रिलेक्सवाला म्हणाला, मैदानात चार पुरतात, भिंत लागते ती रस्त्यावर. खजिनदार म्हणाले, मोडली तर दुरुस्ती कोण करणार. हा प्रश्न खरा आहे आणि माझ्याकडे त्याचं पक्कं उत्तर नाही. मग कोपऱ्यातून एक काका बोलले, जे पंचवीस वर्षं गायन पार्टीत ढोलकीवर होते आणि दरवर्षी डीजेविरुद्ध पहिला हात त्यांचाच असतो. त्यांनी विचारलं, "त्यात ढोलकीला माईक लावायची सोय असेल का?"

ठराव झालेला नाही. खर्चाचा अंदाज घेऊन या, मग पाहू, एवढंच ठरलं. पुढच्या रविवारी प्लायवुड, स्पीकर आणि अॅम्प्लिफायरचे दर घेऊन मला मीटिंगला जायचं आहे. तुमच्यापैकी कुणी आपल्या मंडळात असं काही केलं असेल, फसलं असेल तर तेही, जरूर कळवा. खोकी बांधणारं कुणी ओळखीचं असेल तर आधी कळवा.

जय भीम.